पेत्राची चार पानं

आलिंग पानिंगला, म्हणजे पानिंगमावशीला, वाचता येत नाही, ही गोष्ट बालेतेहान गावात फक्त तिघांना ठाऊक होती. एक देव, दुसरी खुद्द पानिंग आणि तिसरा तिचा नवरा कार्दो. त्यातल्या तिसऱ्याची खात्री देता येत नाही. तो बारा वर्षांपूर्वी वारला आणि जाताना या विषयावर काही बोलला नाही.

बाकी साऱ्या गावाच्या लेखी पानिंग म्हणजे वाचनातली पट्टीची बाई. पवित्र आठवड्यातल्या मंगळवारी मांग गिल्दोच्या, म्हणजे गिल्दोकाकांच्या, अंगणात नारळाच्या झावळ्यांचा मांडव पडायचा, वेदीवर मेणबत्त्या लागायच्या आणि पाबासा बसायचा. येशूच्या दुःखभोगाची सगळी कथा, पार जग निर्माण झालं तिथपासून, पाच-पाच ओळींच्या कडव्यांत गायची. एक कडवं उजव्या बाजूनं, पुढचं डाव्या बाजूनं. पहाटे लागलेला सूर दुसऱ्या दिवशी शेवटच्या ओळीपर्यंत तुटता कामा नये. गाणारे दमले की दुसरे बसतात, पण सूर चालू राहतो. गिल्दोच्या पणज्यानं हा नवस बोलला होता, आणि सूर तुटला तर नवस तुटला, असं गिल्दोचं सगळं खानदान मानायचं. उजव्या बाजूची पहिली खुर्ची पानिंगची. अडतीस वर्षं. पुढ्यात जाडजूड जुनी पोथी, नाकावर चष्मा, आणि आवाज असा की कर्णा बंद पडला तरी तळ्यातल्या होड्यांपर्यंत जावा.

ती पाठांतरावर गात होती. सगळं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

शाळेत ती दोन आठवडे गेली होती. तिसऱ्या आठवड्यात धाकटा भाऊ जन्मला आणि त्याला कडेवर घ्यायला कुणीतरी हवं होतं. मग ते भावंड कडेवर घेऊन ती पाबासाच्या मांडवात जाऊन बसायची, कारण तिथं खायला मिळायचं. आजूबाजूच्या सात गावांत सात मांडव. प्रत्येक मांडवात तीच कथा. दहाव्या वर्षी तिला अर्धी पोथी येत होती, चौदाव्या वर्षी सगळी. नाटकात असतात ना तशी माणसं, ज्यांना सगळ्यांची भाषणं पाठ असतात आणि स्वतःची भूमिका कुणी देत नाही? पानिंग तशी विंगेत वाढली. मग एका वर्षी उजव्या बाजूच्या म्हातारीला ऐन मांडवात खोकल्याची उबळ आली. सूर तुटणार, एवढ्यात पानिंगनं वाटीतलं सरबत खाली ठेवलं, खुर्चीत बसली, पोथी पुढ्यात ओढली आणि पुढचं कडवं उचललं. तिथून ती खुर्ची तिची झाली. "तुला वाचता येतं का गं?" असं तेव्हा कुणी विचारलंच नाही. पोथी पुढ्यात होती, ओळी तोंडातून येत होत्या, आणखी काय हवं?

पानं उलटायची तिची खूण वेगळी होती. या पानावर मेणाचा थेंब, त्या पानावर कॉफीचा डाग, अमुक पानाचा कोपरा उंदरानं कुरतडलेला. कुठल्या ओळीला कुठला डाग हे तिनं बसवलं होतं. बोट जिभेला लावायचं, पान उलटायचं, मान किंचित हलवायची. अभिनय इतका चोख की समोरच्या बाजूचं कुणी एखादी ओळ चुकलं तर पानिंगच डाफरायची, "पुस्तकात बघ की जरा! डोळे काय पापण्या मिटायला दिलेत देवानं?"

घरीही तेच. कार्दो तळ्यावरून मासे धरून आला की झोळीत आडवा व्हायचा आणि म्हणायचा, "पानिंग, पेपर वाच." पेपर म्हणजे सुकी मासळी बांधून आलेला, आठवड्यापूर्वीचा. पानिंग तो समोर धरून वाचायची. कुठल्याशा सिनेटरला बदकानं चावा घेतला. मनिलात एका न्हाव्यानं घाईघाईत आपल्याच साडूची मिशी उडवली. कार्दो या बातम्या कोंबड्यांच्या झुंजीच्या मैदानात जाऊन सांगायचा आणि भाव खायचा. एकदा मात्र तो झोळीतून म्हणाला, "या सिनेटरला गेल्या महिन्यातही बदकच चावलं होतं ना गं?"

"दुसरं बदक असेल," पानिंग म्हणाली.

कार्दो बराच वेळ झोळीत हलत होता. हसत होता की झोका घेत होता, ते अंधारात कळलं नाही.

डाव्या बाजूची पहिली खुर्ची माएस्त्रा कुलासाची. निवृत्त शिक्षिका. गावातल्या निम्म्या लोकांना तिनं अक्षरं शिकवली होती आणि उरलेल्या निम्म्यांना ओणवं उभं केलं होतं. पानिंग आणि ती एकमेकींकडे पाहून फार तर भुवया उचलत. कुलासाचं म्हणणं, पानिंग सूर उगाच लांबवते. पानिंगचं म्हणणं, कुलासा सुरात गात नाही, हजेरी घेते. बत्तीस वर्षं समोरासमोर बसून दोघींनी येशूला एकत्र क्रुसावर चढवलं होतं, पण मांडवाबाहेर एकत्र बसून कधी सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती.

त्या वर्षी मधे जेर्विन आला.

जेर्विन म्हणजे चर्चच्या समितीचा नवा चिटणीस. वय सव्वीस, केस तेल लावून चापूनचोपून, खिशात दोन पेनं आणि एक लालभडक पेन्सिल. त्याला ब्रदर म्हटलेलं आवडायचं, आणि म्हाताऱ्या बायकांना तो लोला, म्हणजे आजी, म्हणायचा. फादरनी त्याला एवढंच सांगितलं होतं की, खेड्यापाड्यांत गाता गाता शब्द फार बिघडलेत, जरा लक्ष घाल. जेर्विननं लक्ष घातलं ते असं की पाबासाच्या दोन आठवडे आधी त्यानं सगळ्यांना गिल्दोच्या अंगणात गोळा केलं.

"यंदापासून प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र प्रत असेल," तो म्हणाला. "डाव्या बाजूची पोथी तर पुरानं आणि वाळवीनं संपवली. उजव्या बाजूची लोला पानिंगची पोथी मी शहरात नेऊन झेरॉक्स करून आणतो. आणि पाठ म्हणायचं नाही! पुस्तकात असेल तेच, जसंच्या तसं वाचायचं. मी पेन्सिल घेऊन बसेन. पुढे बसणाऱ्यांची आधी वाचनाची चाचणी होईल. ज्यांना नीट वाचता येत नाही त्यांनी मागे बसावं. पुढच्या खुर्च्या तरुण मंडळाला द्याव्यात."

"म्हणजे परीक्षा?" गिल्दो म्हणाला. त्याच्या काखेत त्याचा लाडका झुंजीचा कोंबडा होता. "अरे, इथं लोक नवसाला येतात, नोकरीला नाही."

"मांग गिल्दो, फादरची इच्छा आहे."

पानिंगच्या चेहऱ्यावर रेघ हलली नाही. "चाचणी कधी?" तिनं विचारलं.

"पाबासाच्याच दिवशी, दुपारची पाळी सुरू व्हायच्या आधी. कुठलंही पान उघडून एक कडवं वाचायचं. सोपं आहे, लोला."

"सोपंच आहे," पानिंग म्हणाली आणि घरी जाऊन दार लावून बसली.

ती खुर्ची गेली तर काय राहणार होतं? कार्दो गेलेला. मुलगी हाँगकाँगला दुसऱ्यांची मुलं सांभाळणारी. तिची पत्रं यायची ती पानिंग दोन गावं पलीकडच्या औषधाच्या दुकानात नेऊन, "चष्मा घरी विसरले गं पोरी," असं सांगून तिथल्या मुलीकडून वाचून घ्यायची. दर वेळी चष्मा विसरायचा म्हणून दुकानंही बदलायची. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस ती मासे खारवणारी विधवा होती. एकच दिवस ती पानिंग होती, उजव्या बाजूची पहिली. आणि तो दिवस एक पोरगा लाल पेन्सिलीनं खोडणार होता.

दोन आठवडे तिनं शक्कल लढवली. आजारी पडावं? मग खुर्ची आपोआपच जाते. चष्मा फोडावा? जेर्विन दुसऱ्याचा आणून देईल. शेवटी तिनं सगळ्यात जुना उपाय धरला. चाचणीची वेळच येऊ द्यायची नाही. पाळी संपली तरी उठायचंच नाही. गाणाऱ्या माणसाला मधेच कोण उठवणार? सूर तुटेल ना!

मंगळवारी पहाटे ती खुर्चीत बसली. पुढ्यात जुनी पोथी नव्हती. ती वेदीवर काचेच्या पेटीत, फुलांच्या हारात. हातात नवी कोरी प्रत. पानिंगनं पान उलटलं आणि तिच्या जिवात जीव आला. मेणाचे थेंब, कॉफीचे डाग, उंदराचे दात, सगळं यंत्रानं इमानदारीत काळं करून छापलं होतं. तिची खुणेची शाळा जशीच्या तशी तिच्या मांडीवर होती.

सूर लागला. जग निर्माण झालं, आदाम-एवानं खायचं ते खाल्लं, देवदूत मारियेकडे आला. गिल्दोची सून रोवेना आल्याचं गरम पाणी आणि बीको फिरवत होती. गूळ-नारळात शिजवलेल्या चिकट भाताच्या त्या वड्या केळीच्या पानावर ठेवलेल्या असत, आणि गाणाऱ्यांनी एका हातानं त्या तोंडात टाकायच्या, दुसऱ्या हातानं पान उलटायचं. गळा ओला, पोट भरलेलं, बोटं चिकट. पाबासा असाच चालायचा.

दुपारी दोनच्या सुमाराला जेर्विन खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "लोला, पाळी संपली. चला, चाचणी घेऊ."

पानिंगनं कडवं न थांबवता हातानं त्याला झटकलं, मासळीवरची माशी झटकावी तसं. समोर पाहते तर कुलासाही उठायला तयार नाही. तिच्या पाळीची पोरं जांभया देत होती, आणि ती ताठ बसून प्रत डोळ्यांसमोर धरून होती. पानिंगला वाटलं, ही माझ्या हट्टाला हट्ट देते आहे. देऊ दे.

कथा रात्रीच्या जेवणावरून बागेत आली, बागेतून महायाजकाच्या वाड्यात. येशूला धरून नेलं. त्याचा शिष्य पेत्र मागोमाग आला आणि अंगणातल्या शेकोटीपाशी हात शेकत बसला. हे कडवं उजव्या बाजूचं. पानिंगनं ते संपवलं, शेवटची ओळ खास लांबवली आणि पान उलटलं.

आता डाव्या बाजूची पाळी. डाव्या बाजूच्या नऊ तरुण पोरांनी आपापल्या प्रतीत पाहिलं आणि खड्या आवाजात, येशूला शिक्षा देणाऱ्या सुभेदार पिलाताचे हात धुऊन टाकले.

म्हणजे असं झालं की, पेत्र हात शेकायला बसला आणि पुढच्याच ओळीत पिलात हात धुऊन मोकळा झाला!

पण डावीकडून आणखी एक आवाज येत होता. बारीक, हजेरी घेतल्यासारखा. कुलासाचा. ती पिलाताकडे फिरकलीच नव्हती. शेकोटीपाशी एक दासी येते आणि पेत्राला विचारते, तूही त्याच्याबरोबरचाच ना रे, ते कडवं ती गात होती. बरोबर तेच, जे यायला हवं होतं.

पोरांचा आवाज गोंधळला, पातळ झाला आणि बंद पडला. आता उजव्या बाजूची पाळी. पानिंगनं पेत्राचा पहिला नकार उचलला. तिच्या मागच्या बायका आधी पिलाताच्या बायकोचं स्वप्न गायला लागल्या, मग एकमेकींकडे बघायला लागल्या, मग गप्प झाल्या.

मांडवात कागदांची फडफड सुरू झाली. जो तो पानं पुढे-मागे करतोय. जेर्विन लाल पेन्सिल दातात धरून स्वतःची प्रत उलटीपालटी करतोय. अशातच गिल्दोच्या कोंबड्यानं वेळ चुकवून बांग दिली. कथेतला कोंबडा पेत्रानं येशूला तिसऱ्यांदा नाकारल्यावर आरवतो; इथं एकच नकार झाला होता, दोन बाकी होते. गिल्दो धावत गेला आणि कोंबड्यावर टोपली पालथी घातली.

रंगभूमीवर असा क्षण येतो. समोरच्यांनी दोन पानं गाळलेली असतात, तुम्ही मात्र अजून मागच्याच प्रवेशात असता, आणि प्रेक्षागृहातला श्वास बदलतो. पानिंगला तो बदल कळला. आपण एकट्याच गातोय. ज्याच्या त्याच्या हातात कागद आहे, आणि कागदावर काहीतरी दुसरंच आहे. म्हणजे कागद न बघणारी मी एकटी!

पण एकटी कशी? समोर कुलासा गातेच आहे.

पानिंगनं नीट पाहिलं. कुलासाचे डोळे प्रतीवर होते, पण ते ओळीवरून फिरत नव्हते. एका जागी ठाण मांडून होते. ही नजर पानिंग ओळखत होती. अडतीस वर्षं तीच नजर तिनं स्वतः वापरली होती. आणि कुलासाच्या बुबुळांवर, मेणबत्तीच्या उजेडात दिसावं तसं, दुधाची साय आल्यासारखं पांढुरकं काही होतं.

अगं बाई, पानिंगच्या मनात आलं, हिला दिसत नाही!

कुलासालाही त्याच वेळी पानिंगचं उमगलं असावं, कारण तिची उजवी भुवई हळूच वरची पायरी चढली. थांबायचं तर सूर तुटतो. गायचं तर ओळीगणिक गुपित उघडं पडतं. दोघींनी गायचं ठरवलं. दुसरा नकार. तिसरा नकार. पेत्र शपथा घेतो, मी त्या माणसाला ओळखत नाही. या वेळी कोंबडा आरवायला हवा होता, पण तो टोपलीखाली रुसून बसला होता. शेवटी पेत्र बाहेर जाऊन रडतो, ते कडवं आलं. नेहमी सूर लांबवणारी पानिंग ते साधं, सरळ म्हणाली, आणि हजेरी घेणाऱ्या कुलासाचा आवाज जरा कापला. स्वयंपाकघराच्या दारात रोवेना हातात झारा घेऊन रडत उभी होती. खालून भात करपत होता.

मग पिलात आला आणि सगळा मांडव सुटकेचा श्वास टाकून त्याच्यावर तुटून पडला.

नव्या पाळीनं सूर हाती घेतल्यावर जेर्विननं दोघींना स्वयंपाकघरात नेलं. बाहेर गाणं चालू, आत धूर. गिल्दो कोंबडा काखेत घेऊन साक्षीदार म्हणून आला, त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"लोला," जेर्विन म्हणाला, "तुमच्या प्रतीत ती पानं आहेत का?"

"आहेत की."

त्यानं तिची प्रत घेऊन उलटली. शेकोटी, पान, पिलात. "नाहीत."

"एक झालं," कुलासा भिंतीला टेकून म्हणाली.

"मग तुम्ही पुस्तक बघत नव्हता?"

"बघत होते. पान सापडेना म्हणून तेवढं आठवून म्हटलं. सूर तोडू का तुझ्यासाठी?"

उत्तर बिनतोड होतं. गिल्दोनं मान डोलावली.

"दोन," कुलासा म्हणाली. "गिल्दो, तो कोंबडा जरा घट्ट धर."

"माएस्त्रा, प्लीज!" जेर्विननं प्रत मधेच कुठेतरी उघडली आणि पानिंगसमोर धरली. "ठीक आहे. चाचणी राहिलीच होती. हे एवढं कडवं वाचा, म्हणजे विषय संपला."

पानिंगनं पाहिलं. त्या पानावर डाग नव्हता, मेण नव्हतं, उंदीरही नव्हता. नुसती मुंग्यांची रांग. चष्म्याचं नाव घेतलं असतं तर निभलं असतं. घसा बसला म्हटलं असतं तरी निभलं असतं. पन्नास वर्षांच्या थापांचा साठा तिच्यापाशी होता. पण मघाशी पेत्राला रडवलेला गळा अजून ओला होता.

"नाही येत," ती म्हणाली.

"काय नाही येत?"

"वाचायला. कधीच येत नव्हतं. शाळेत दोन आठवडे गेले, त्यात 'स'पर्यंतही पोचले नाही. आता घे ती खुर्ची आणि बसव तुझ्या मंडळाला. पण एक सांगते, पेत्राला तिसऱ्यांदा विचारणारे निदान शेकोटीला बसायला जागा तरी देत होते. तू मला धुरात उभं केलंयस."

रोवेनानं झारा खाली ठेवला.

"मलाही नाही येत," कुलासा म्हणाली.

"माएस्त्रा!" जेर्विन जवळजवळ ओरडला. "तुम्ही तर मला वाचायला शिकवलंत!"

"तुला शिकवलं तेव्हा दिसत होतं. म्हणूनच सांगू शकते की वाचनात तू काठावर पास झालास. तीन वर्षं झाली, पान माझ्यासमोर धरलं काय आणि परकर धरला काय, सारखंच. ही बाई," तिनं हनुवटीनं पानिंगकडे खूण केली, "सूर लांबवते ना, त्या वेळात मी पुढची ओळ आठवते. हिनं सूर आखडला असता तर मी दोन वर्षांपूर्वीच उघडी पडले असते."

पानिंगनं तिच्याकडे पाहिलं. बत्तीस वर्षांत कुलासानं तिला दिलेली ही पहिली शाबासकी होती.

"पण पानं गेली कुठं?" गिल्दो म्हणाला. कोंबड्याचा मालक असला तरी मुद्द्याचा माणूस होता.

वेदीवरची पेटी उघडून पोथी आत आणली गेली. रोवेनानं ती पाहताच कपाळाला हात लावला. शेकोटीच्या पानापाशी तीन कागद एकमेकांना घट्ट चिकटून एकच जाड पुठ्ठा झाले होते. वर्षानुवर्षांचा गूळ, नारळाचा रस आणि चिकट भात. कुठल्याशा साली बीको खाल्लेल्या अंगठ्यानं पानिंगनं ते पान उलटलं होतं, आणि ते तिथंच चिकटलं. ती पुढे गातच राहिली, तिला काय पत्ता! झेरॉक्सवाल्यानं जे उघडलं ते छापलं. आतली चार पानं आतच.

रोवेनानं पुठ्ठा वाफेवर धरला. कागद सुटले, पण अक्षरं भाताबरोबर सुटून आली.

जेर्विनचा चेहरा त्या वाफेत पांढरा पडला.

"तुला काय झालं?" पानिंगनं विचारलं. "खुर्ची तर माझी गेली."

"लोला, मी या प्रती साती गावांत वाटल्यात. उद्या तिथं पाबासा बसतो. एका गावात फादर स्वतः येणार आहेत."

बाहेर येशूच्या डोक्यावर काट्यांचा मुकुट चढत होता.

"म्हणजे उद्या सात गावांत," कुलासा सावकाश म्हणाली, चव घेत, "पेत्र हात शेकणार आणि पिलात हात धुणार."

"जसंच्या तसं," पानिंग म्हणाली. "पुस्तकात असेल तेच."

"पेन्सिल कुठाय रे तुझी?" गिल्दोनं विचारलं.

जेर्विन खाली बसला, तांदळाच्या पोत्यावर. लाल पेन्सिल त्यानं कानामागून काढली आणि हळूच म्हणाला, "लोला, सांगाल का? मी लिहून घेतो. रात्रीत प्रती काढून उद्या सगळीकडे पोचवतो."

"मागच्या रांगेतल्या बाईनं काय सांगायचं?"

"पुढच्या रांगेतल्या."

"आणि चाचणी?"

"कुणाची चाचणी?" जेर्विन म्हणाला. तो तसा वाईट पोरगा नव्हता.

मग पानिंगनं चूल फुंकायच्या पाटावर बैठक मारली आणि सांगायला सुरुवात केली. तिला सांगता येत नव्हतं, फक्त गाता येत होतं, त्यामुळे ती गात होती आणि जेर्विन घाम पुसत मागे धावत होता. "हळू, लोला!" "गाणं आहे हे, बैलगाडी नव्हे. पळ." कुलासा मधे मधे शुद्धलेखन सांगत होती. न बघता तिला कळायचं की पोरानं कुठं चूक केली, कारण तिथं तो पेन्सिल थांबवायचा. मांडवात गाणाऱ्यांच्या पेल्यांकडे सगळ्यांचं दुर्लक्ष झालं होतं, पण तक्रार कुणीच केली नाही. रोवेनानं दाराशी जमलेल्यांना काय ते सांगून टाकलं होतं, आणि ते सगळे दारातून डोकावून पुढच्या ओळी ऐकत होते.

संध्याकाळी पानिंग परत आपल्या खुर्चीत बसली तेव्हा कुणी जागा अडवली नव्हती. कुणी प्रत पुढे केली, तिनं ती घेतली, मधोमध दुमडली आणि तिनं स्वतःला वारा घालत पुढचं कडवं उचललं.

बुधवारी दुपारी दोघी पहिल्यांदाच एका बाकावर बसल्या. कुलासाच्या अंगणात, सुपारीचं पान लावत. पानिंग पान लावत होती आणि कुलासा चुना जास्त झाला म्हणून कुरकुरत होती. भातखाचरांपलीकडच्या गावात पाबासा बसला होता आणि कर्ण्यातून आवाज येत होता. तिथं फादर आले होते. पेत्र शेकोटीपाशी बसला. दासी आली. आणि मग पलीकडच्या गावातल्या वीस-पंचवीस गंभीर गळ्यांनी, फादरांसकट, हे कडवं म्हटलं:

*शेकोटीला फुंकर घाली दासी,*
*म्हणे, बाबा, कुणाचा तू, कुठला रहिवासी?*
*पाय माझे सुजले, मी सकाळची उपाशी,*
*तू रडशील, तुझी गाणी होतील देशोदेशी,*
*माझ्या पायांची चौकशी नाही कुणापाशी.*

पानिंग सुपारी कातरण्यात फार गढून गेली.

"हे कडवं," कुलासा म्हणाली, "मला दिसत होतं तेव्हा माझ्या पोथीत कधी दिसलं नाही."

पानिंगनं आणखी एक सुपारी अडकित्त्यात धरली.

"कधीपासून गातेस?"

"भाऊ कडेवर होता तेव्हापासून. मनात. मोठ्यानं मग पुढे केव्हातरी." पानिंगनं पान दुमडून तिच्या हातावर ठेवलं. "तुझ्याकडे तर पोथी होती. इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू गायची थांबली असतीस." कुलासानं पान तोंडात टाकलं आणि आवाजाच्या दिशेनं कान टवकारला. "शू. ऐक जरा. तिसरी ओळ घाईनं म्हणतायत, गाढवं!"